एकच सिग्नल, चार आकडे: अ‍ॅम्प्लिट्यूड तुलनेच्या प्रकल्प नोंदी

२ जून

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण गेल्या आठवड्यात काय केलं ते दोघांनाही धड आठवत नाहीये. काम साधं वाटतं: एका छोट्या मोटरचं व्हायब्रेशन दोन वेगवेगळ्या सेन्सरने मोजायचं आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला (सेकंदाला किती आवर्तनं) हादरा जास्त, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड मोठी, आहे ते सांगायचं. पण मोटरला हात लावायच्या आधी सगळी उपकरणं एकच सिग्नल एकसारखा दाखवतात का ते बघू असं मी म्हटलं, पार्टनर म्हणाला अर्ध्या तासाचं काम आहे, लगेच करून टाकू.

फंक्शन जनरेटरवर १०० हर्ट्झची साइन, १.०० व्होल्ट. मल्टिमीटर म्हणतो ०.७०७. झालं, दोघंही खूश, १ व्होल्ट टोकाच्या साइनचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ०.७०७ हे तर पाठच असतं. स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलची लाट पडद्यावर काढून दाखवतो) लाटेचं टोक मधल्या रेषेपासून बरोबर १ व्होल्टवर. सगळं जुळलं, टिक मारली, वही बंद.

३ जून

टिक खोडली.

सकाळी जनरेटरच्या स्क्रीनकडे नीट बघितलं तर १.०० च्या पुढे पीक-टू-पीक, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, असं लिहिलेलं होतं. म्हणजे मधल्या रेषेपासून टोक अर्ध्या व्होल्टवर यायला हवं होतं आणि मल्टिमीटरवर ०.३५४. आणि आपल्याला तर बरोबर दुप्पट येतंय! काल आम्ही पीक-टू-पीकला पीक समजलो आणि वर सिग्नल खरोखरच दुप्पट निघत होता, दोन चुकांनी एकमेकींना झाकलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. अशी चूक सगळ्यात वाईट, कारण उत्तर सुंदर येतं.

दुप्पट का, तर जनरेटरच्या आत ५० ओहमचा रेझिस्टन्स असतो आणि बाहेरही ५० ओहमचाच लोड लागणार असं धरून तो आकडा दाखवतो. तसा लोड लावला की व्होल्टेज अर्धं आत पडतं अर्धं बाहेर. स्कोपचा इनपुट १ मेगाओहमचा, त्याच्यापुढे ५० ओहम म्हणजे काहीच नाही, त्यामुळे सगळंच्या सगळं बाहेर. ड्रॉवरमध्ये ५० ओहमचा टर्मिनेटर पडला होता, तो टी लावून स्कोपच्या तोंडाशी बसवला आणि लाट डोळ्यांदेखत निम्म्यावर आली. मल्टिमीटर ०.३५४. मेन्यूत हाय-झेड नावाची सेटिंग पण आहे, ती केली की फक्त स्क्रीनवरचा आकडा बदलतो, बाहेरचं व्होल्टेज जसंच्या तसं राहतं, हे पण तपासून घेतलं.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "यात प्रत्येक जण एकदा फसतो, तुम्ही लवकर फसलात ते बरं झालं."

४ जून

आज स्कोपवर सगळं दहापट लहान. दीड तास केबल बदलल्या, जनरेटर बदलला, चॅनल बदलला. प्रोबच्या (स्कोपला सिग्नल आणणारी केबल) दांडीवरचा स्विच १० वर, म्हणजे सिग्नल दहापट लहान करणारा, आणि स्कोपच्या मेन्यूत १. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुढे चला.

५ जून

आजचा दिवस चांगला गेला. दोन मल्टिमीटर शेजारी ठेवले, एक जुना साधा आणि एक ज्याच्यावर ट्रू आरएमएस छापलंय. टर्मिनेटर तसाच ठेवून सिग्नल प्रत्येक वेळी पीक १ व्होल्ट, फक्त आकार बदलायचा.

साइनला दोघंही ०.७०७. स्क्वेअर लावला तर ट्रूवाला १.००, जुना १.११. ट्रँगल लावला तर ट्रूवाला ०.५७७ आणि जुना ०.५५५. पार्टनर म्हणाला जुना बिघडलाय, फेकून देऊ. बिघडलेला नाहीये, तो ज्याच्यासाठी बनवला तेवढंच करतोय. तो आरएमएस मोजतच नाही, सिग्नलचा खालचा भाग वर दुमडून सरासरी काढतो आणि त्याला १.११ ने गुणून आरएमएस म्हणून दाखवतो. हे १.११ फक्त साइनसाठी खरं आहे, कारण साइनची दुमडलेली सरासरी पीकच्या ०.६३७ आणि आरएमएस ०.७०७, त्यांचा भागाकार १.११. स्क्वेअरची सरासरी १ आणि आरएमएसही १, तिथे हा गुणाकार फुकटचा ११ टक्के चढवतो. ट्रँगलची सरासरी ०.५, गुणिले १.११ म्हणजे ०.५५५, खरा आरएमएस १ भागिले √३.

मग खोडी म्हणून पल्स लावला, ० ते १ व्होल्ट, फक्त १० टक्के वेळ वर. इथे मजा आली. ट्रूवाला ०.३०, जुना ०.२०, म्हणजे जुन्याने तिसरा हिस्सा गिळला. आणि स्कोप आरएमएस ०.३१६ दाखवतोय! आता तिसराच आकडा कुठून आला म्हणून पाच मिनिटं डोकं खाजवलं. दोन्ही मीटर एसी रेंजवर होते, म्हणजे आधी सरासरी ०.१ व्होल्टचा डीसी काढून टाकतात, मग मोजतात. स्कोप डीसी कपलिंगवर होता, त्याने सगळं धरलं. ०.३१६ चा वर्ग ०.१, त्यातून ०.१ चा वर्ग म्हणजे ०.०१ वजा केला की ०.०९, त्याचं वर्गमूळ ०.३०. जुळलं. हे कागदावर जुळलं तेव्हा जे बरं वाटलं ते वेगळंच.

वहीत पीकला आरएमएसने भागून एक कॉलम केला, क्रेस्ट फॅक्टर. स्क्वेअर १, साइन १.४१, ट्रँगल १.७३, आमचा पल्स ३ च्या वर. हा आकडा मोठा असला की दोन सिग्नलची तुलना करताना आधी विचारायचं की तुला टोक महत्त्वाचं आहे की ताकद. इन्सुलेशन फुटतं टोकाने, वायर तापते आरएमएसने. २३० व्होल्ट म्हणतो तो मेन्सचा आरएमएस, टोक ३२५ ला जातं आणि पीक-टू-पीक ६५०. तिन्ही आकडे खरे, लाइन तीच.

८ जून

डेसिबल, म्हणजे दोन पातळ्यांचं गुणोत्तर लॉगमध्ये. आज भांडणच झालं जवळजवळ.

पार्टनरने अ‍ॅम्प्लिट्यूड निम्मी केली आणि शीटमध्ये उणे ३ डेसिबल आलं, माझ्या शीटमध्ये उणे ६. त्याने १० लॉग लावला होता, मी २० लॉग. तो म्हणे फॉर्म्युला १० चाच आहे, आणि तसं बघितलं तर त्याचं मूळ बरोबरच आहे, डेसिबल जन्मालाच आलं पॉवरच्या तुलनेसाठी. १९२० च्या दशकात बेल लॅब्सच्या लोकांनी टेलिफोन लाइनमध्ये सिग्नल किती गळतो ते मोजायला हे एकक वापरात आणलं, नाव अलेक्झांडर ग्रॅहम बेलवरून. पॉवर ही अ‍ॅम्प्लिट्यूडच्या वर्गाच्या प्रमाणात असते, वर्गाचा २ लॉगच्या बाहेर येतो, म्हणून अ‍ॅम्प्लिट्यूडचं गुणोत्तर असेल तर २०. अ‍ॅम्प्लिट्यूड निम्मी म्हणजे पॉवर एक चतुर्थांश, दोन्हीकडून उणे ६ च. त्याने अ‍ॅम्प्लिट्यूडच्या गुणोत्तराला पॉवरचा फॉर्म्युला लावला एवढंच. पण एक अट असते जी सगळे विसरतात, दोन्ही ठिकाणी इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) सारखा असेल तरच व्होल्टेजचे डेसिबल आणि पॉवरचे डेसिबल एक होतात.

त्यानंतर रेफरन्सचा गोंधळ. तोच ०.३५४ व्होल्टचा सिग्नल, टर्मिनेटर लावलेला. १ व्होल्ट रेफरन्स धरला की उणे ९.० डीबीव्ही. ऑडिओवाले ०.७७५ व्होल्ट धरतात, कारण ६०० ओहममध्ये १ मिलिवॉट यायला तेवढं लागतं, त्यांच्या हिशोबाने उणे ६.८ डीबीयू. आणि जनरेटरचं युनिट बदललं तर तो म्हणतो अधिक ४.० डीबीएम, कारण ५० ओहममध्ये हा अडीच मिलिवॉट होतो. एक उणे नऊ, एक उणे सात, एक अधिक चार! एखाद्याने नुसतं "लेव्हल चार डीबी आहे" असं सांगितलं तर त्याला खुर्चीत बसवून विचारायचं, कशाच्या तुलनेत बाबा. ऑडिओतल्या अधिक ४ डीबीयूचा सिग्नल १.२३ व्होल्ट असतो, आमचा अधिक ४ डीबीएमचा ०.३५४. दोन्ही चारच.

साउंड कार्डने तर कहर केला. फुल स्केलची (कार्डाला झेपेल तेवढी कमाल) साइन एका सॉफ्टवेअरमध्ये ० डीबीएफएस, म्हणजे फुल स्केलच्या तुलनेतले डेसिबल, आणि दुसऱ्यात उणे ३.०१. फाइल तीच. एकजण फुल स्केल साइनच्या आरएमएसला शून्य मानतो, दुसरा फुल स्केल स्क्वेअरच्या. दोन्ही पद्धती रीतसर चालतात. आम्ही पहिली धरली आणि शीटच्या पहिल्या ओळीत लाल अक्षरात लिहून टाकलं.

जाता जाता: समुद्राखालच्या आवाजांचे १८०-१९० डेसिबल वाचून लोक विमानाशी तुलना करतात, ते असंच. हवेत रेफरन्स २० मायक्रोपास्कल, पाण्यात १ मायक्रोपास्कल, नुसत्या रेफरन्समुळे २६ डेसिबल फुगतात. वर पाण्याचा अकूस्टिक इम्पिडन्स हवेच्या साडेतीन हजार पटीच्या आसपास, त्याचे अजून ३६. म्हणजे तीव्रता सारखी असली तरी पाण्यातला आकडा साधारण ६२ ने मोठा दिसणार.

९ जून

काही नाही. शीट साफ केली.

११ जून

एफएफटी, म्हणजे सिग्नल फ्रिक्वेन्सीनुसार वेगळा करून दाखवणारं गणित. आजची नोंद लांब होणार.

१ व्होल्ट पीकची १०० हर्ट्झची साइन साउंड कार्डमधून घेतली (स्केल आधीच मीटरशी जुळवून ठेवला होता), सेकंदाला ४८००० सॅम्पल, ४०९६ चा ब्लॉक. पार्टनरचा कोड चालवला तर शिखर ०.२२ चं. १ कुठे आणि ०.२२ कुठे.

एकेक करून सोललं. पहिलं, एफएफटी अर्धी अ‍ॅम्प्लिट्यूड पॉझिटिव्ह फ्रिक्वेन्सीला देतो आणि अर्धी निगेटिव्हला, आपण एकच बाजू बघतो म्हणजे २ ने गुणायला हवं होतं. ०.४४ झालं. दुसरं, हॅन विंडो लावली होती, ती ब्लॉकच्या दोन्ही कडा शून्यावर आणते आणि तिची सरासरी ०.५ आहे, म्हणजे तिने सिग्नल निम्मा केला, परत २. आता ०.८७. पार्टनर म्हणाला तेरा टक्के चालतात, सेन्सरची टॉलरन्स तेवढी असेलच. मी म्हटलं अरे नाही, जनरेटरमधून आलेल्या साइनमध्ये तेरा टक्के कुठे हरवले ते सापडल्याशिवाय मी मोटर चालू करणार नाही. तो चिडला, पण बसला.

तिसरं कारण सापडायला दुपार गेली. ४८००० भागिले ४०९६ म्हणजे एका खणाची (एफएफटी फ्रिक्वेन्सी अशा ठरावीक खणांतच वाटतो) रुंदी ११.७२ हर्ट्झ. मग १०० हर्ट्झ पडतो ८.५३ व्या खणात, म्हणजे आठवा आणि नववा यांच्या जवळजवळ मधोमध. शिखर खणांच्या मध्ये आणि आपण खणांच्या जागीच वाचतोय, कुंपणाच्या फटीतून बघतोय तसं, नेमका माणूस फळीमागे उभा. विंडो काढून टाकली तर अजून वाईट, ०.६८ च्या आसपास. मग ब्लॉक ४८०० चा घेतला, खण झाला बरोबर १० हर्ट्झचा, १०० हर्ट्झ ठोक दहाव्या खणात, आणि स्क्रीनवर १.००. विंडो लावून १.००, काढून १.००. पार्टनरने न बोलता हात पुढे केला, मी टाळी दिली.

पण मोटर काही आपल्या खणात फिरणार नाही, तिची फ्रिक्वेन्सी ती ठरवणार. म्हणून अ‍ॅम्प्लिट्यूड वाचायची तेव्हा फ्लॅट-टॉप विंडो वापरायची ठरवली. तिचं शिखर रुंद आणि पसरट, शेजारी-शेजारी दोन फ्रिक्वेन्सी असतील तर ती त्यांना एक करून टाकते, पण उंचीतली चूक ०.०१ डेसिबलच्या आसपास राहते. हॅनमध्ये वाईटात वाईट १.४ डेसिबल, विंडो नसेल तर ३.९. उंची हवी तर फ्लॅट-टॉप, वेगळेपणा हवा तर हॅन, दोन्ही एका विंडोत मागू नये.

अजून एक गंमत, रात्री लक्षात आली. ब्लॉक दुप्पट केला की साइनचं शिखर तिथेच राहतं पण खालचं नॉइजचं गवत ३ डेसिबल खाली जातं. उपकरण एकदम चांगलं झालं असं वाटतं. काही झालेलं नसतं, खण निम्मे अरुंद झाले म्हणून प्रत्येक खणात नॉइज निम्मा पडतो, साइन मात्र एकाच खणात बसते म्हणून तिला फरक नाही. म्हणजे एकाच ग्राफवर साइनची उंची आणि नॉइजची उंची तुलना करणं मुळातच चुकीचं, एक व्होल्टमध्ये वाचायची आणि दुसरी व्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झमध्ये. "सिग्नल नॉइजच्या ४० डेसिबल वर आहे" या वाक्यात बँडविड्थ (किती हर्ट्झच्या पट्ट्यातला नॉइज) नसेल तर ते वाक्य अर्धंच आहे.

१५ जून

मोटर एकदाची चालू. मिनिटाला साधारण १५०० फेरे, म्हणजे २५ हर्ट्झ, आणि पंख्याची आठ पाती, म्हणून २०० हर्ट्झला दुसरं शिखर अपेक्षित होतं. ते आलं.

अ‍ॅक्सिलरोमीटर मी लावला, प्रवेग मोजणारा, १ जी (पृथ्वीचा गुरुत्वीय प्रवेग) ला १०० मिलिव्होल्ट देणारा. पार्टनरने जिओफोन लावला, तो वेग मोजतो. वीस मिनिटांनी तो म्हणाला २५ हर्ट्झचा हादरा मोठा आहे, मोटर बॅलन्स करायला हवी. मी म्हटलं काहीतरीच काय, २०० हर्ट्झचा जवळजवळ पाचपट आहे, पात्यांकडे बघायला हवं. दोघांनी एकमेकांच्या स्क्रीनकडे बघितलं. खरंच तसंच दिसत होतं, माझ्याकडे २५ ला ६.४ मिलिव्होल्ट आणि २०० ला ३०.६, त्याच्याकडे २५ ला ४.० मिलिमीटर प्रति सेकंद आणि २०० ला २.४. सगळे आरएमएस, तेवढं तरी आता दोघांच्या रक्तात भिनलंय.

कुठलाच सेन्सर खोटा नव्हता. वेगाला २π गुणिले फ्रिक्वेन्सीने गुणलं की प्रवेग, भागलं की विस्थापन. २५ हर्ट्झला हा गुणक १५७, २०० ला १२५७, आठपट. ४ मिलिमीटर प्रति सेकंद गुणिले १५७ म्हणजे ०.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ०.०६४ जी, म्हणजे ६.४ मिलिव्होल्ट. माझा आकडा त्याच्या आकड्यातून निघाला! २०० चं पण केलं, तेही जुळलं. मग विस्थापन काढलं: २५ ला साधारण २५ मायक्रोमीटर, २०० ला जेमतेम २. म्हणजे प्रवेगात २०० हर्ट्झ पावणेपाचपट मोठा, वेगात २५ हर्ट्झ पावणेदोनपट मोठा, विस्थापनात २५ हर्ट्झ तेरापटीहून मोठा. "कुठला हादरा मोठा" या प्रश्नाला तीन उत्तरं आणि तिन्ही बरोबर.

सरांना विचारलं मग रिपोर्टमध्ये काय लिहू. म्हणाले, "मशीनच्या तब्येतीबद्दल लिहायचं असेल तर वेग लिहा, मिलिमीटर प्रति सेकंद, आरएमएस, आणि बँड सांगा." आयएसओ १०८१६ आणि त्याच्या जागी आलेलं २०८१६ ही स्टँडर्ड पण बहुतेक मशीनसाठी तसंच मागतात, नेहमीचा बँड १० ते १००० हर्ट्झ. बेअरिंगची बारीक टकटक पकडायची असेल तर प्रवेग, कारण तो वरच्या फ्रिक्वेन्सी उचलून दाखवतो. शाफ्ट कशाला घासेल का बघायचं असेल तर विस्थापन, आणि तेही पीक-टू-पीक, घासताना आरएमएस कोण विचारतं.

एकूण वेग मी ४.० अधिक २.४ करून ६.४ लिहिणार होते, हात थांबला. वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे आरएमएस असे मिळत नाहीत, वर्ग करून मिळवायचे: १६ अधिक ५.८, वर्गमूळ ४.७. दोन शिखरांची मिळून ४.७, मोठ्या शिखराच्या किंचित वर.

१६ जून

पार्टनरने स्कोपच्या ऑटो मेजरमधून पीक-टू-पीक घेतला तर २५ हर्ट्झचा सिग्नल भलताच मोठा. तो मेजर म्हणजे सगळ्यात वरचा सॅम्पल वजा सगळ्यात खालचा, त्यात २०० हर्ट्झही आला आणि नॉइजचे सुळकेही, आणि जितका वेळ थांबाल तितका तो आकडा वाढतच जातो. आरएमएसला निदान एक स्थिर किंमत असते. नॉइजचा पीक-टू-पीक सांगायचा तर किती वेळाचा तेही सांगा.

१८ जून

पाऊण दिवस शीटची कॉलमं ठरवण्यात गेला: राशी, युनिट, पीक की पीक-टू-पीक की आरएमएस, रेफरन्स, बँड, विंडो. पार्टनर म्हणतो सहा कॉलम आणि आकडा एक, पंगतीपेक्षा वाढपी जास्त.

मध्येच वाचत बसले, बाकीचे लोक हे कसं निभावतात ते. भूकंपवाल्यांनी १९३५ मध्ये रिश्टरच्या पद्धतीत मोजण्याचं यंत्रच ठरवून टाकलं, वूड-अँडरसन सिस्मोग्राफ, आणि अंतराची दुरुस्तीही. १०० किलोमीटरवर नोंदीत १ मिलिमीटर अ‍ॅम्प्लिट्यूड आली तर मॅग्निट्यूड ३, १० मिलिमीटर आली तर ४. एक आकडा वाढला की अ‍ॅम्प्लिट्यूड दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. समुद्रवाले लाटेची उंची तळापासून माथ्यापर्यंत धरतात, म्हणजे आपल्या भाषेत पीक-टू-पीक, आणि अंदाजात सांगतात ती उंची सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे ३ मीटरच्या अंदाजात एखादी लाट ६ मीटरच्या आसपास आली तर अंदाज चुकला असं होत नाही. आणि १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने (अमेरिकेतली गुरुत्वलहरींची वेधशाळा) जी पहिली गुरुत्वलहर पकडली तिची पीक स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) १० चा उणे २१ वा घात, ४ किलोमीटरच्या भुजेत हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही काही सहस्रांश भागाएवढा. तिथेही अ‍ॅम्प्लिट्यूड थेट मोजतात म्हणून एक फायदा होतो: ती अंतराच्या प्रमाणात कमी होते, अंतराच्या वर्गाच्या नाही. डिटेक्टर दुप्पट संवेदनशील केला की दुप्पट लांबचं ऐकू येतं आणि आकारमान आठपट. हे मला फार आवडलं, पार्टनरला वाचून दाखवलं, तो म्हणाला आधी विंडोचा कॉलम भर.

१९ जून

शीट पूर्ण. मेमधली जुनी रीडिंग त्यात चढवायला घेतली. अकरा ओळी आहेत, सगळ्या पार्टनरच्या अक्षरात, पुढे फक्त "३.८", "५.४", "४.१" असं आणि वर एकदाच मिमी/से. पीक की आरएमएस त्याला आठवत नाही. ५.४ ला √२ ने भागलं तर ३.८ येतं, म्हणजे कदाचित ती दोन रीडिंग एकच आहेत वेगवेगळ्या पद्धतीने घेतलेली, कदाचित मोटर खरंच त्या दिवशी जास्त हादरत होती. कसंही धरलं तरी जुळवता येतं आणि तोच प्रॉब्लेम आहे. अकराही ओळींवर पेन्सिलने आडवी रेघ मारली, खोडलं नाही.

सोमवारी मोटर बॅलन्स करून परत मोजायचं. टर्मिनेटर टी-ला तसाच लावून ठेवलाय, प्रोबचा स्विच बघायचा.